फ्लॉरेन्समधला ‘इंडियन’ : युरोपच्या हिवाळी सहलीचा एक मराठी पूर्वाध्याय

१/
नागपूरच्या दक्षिणेला, विमानतळापासून फारशा दूर नसलेल्या बेसा परिसरात गेल्या काही दशकांत शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. या वसाहतींतल्या काही घरांत डिसेंबरच्या तोंडावर हल्ली एक नवी लगबग दिसते. थर्मल कपडे, शेंगेन व्हिसाची कागदपत्रे, आणि प्राग, व्हिएन्ना, फ्लॉरेन्स अशा शहरांचा आठवड्याभराचा बेत. पदरचे पैसे मोडून मुद्दाम थंडीत जायचे, ही कल्पना आजोबांच्या पिढीला चमत्कारिक वाटली असती. तरीही मराठी इतिहासात हिवाळ्याच्या तोंडावर घडलेली युरोपातील शहरांची एक सहल आहे. ती १८७० सालची आहे आणि फ्लॉरेन्समध्ये, दोन नद्यांच्या संगमावर संपते. हा धागा त्या सहलीचा.

२/
मराठी माणसे युरोपात त्याआधीही गेली होती. पण हौसेने नव्हे. १७८१ साली राघोबादादांचे वकील हनुमंतराव आणि मणियार रतनजी लंडनमध्ये होते. सोवळ्याओवळ्यामुळे त्यांची जेवणाची अडचण होऊ लागली, तेव्हा एडमंड बर्क या खासदाराने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि बागेतले काचघर त्यांच्या स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. थंडीत नाजूक झाडे जगवण्यासाठी इंग्रज अशी काचघरे बांधत. त्यात पुण्याच्या दरबारातली चूल पेटली.

३/
दुसरे नाव रंगो बापूजी गुप्ते यांचे. १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत भाषणे, छापील पत्रके, अर्जविनंत्या हाच त्यांचा दिनक्रम होता. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीला निवर्तले, तरी वकिलांनी काम सोडले नाही. लंडनचे इतके हिवाळे पाहिलेला त्या काळातला दुसरा मराठी माणूस शोधून सापडणार नाही. पण त्या हिवाळ्यांना सहल म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परतल्यावर चार वर्षांत, १८५७ च्या धामधुमीत, त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली आणि ते स्वतः कायमचे अदृश्य झाले.

४/
युरोप पाहण्यासाठी, तिथली शहरे, माणसे आणि करमणूक अनुभवण्यासाठी निघालेला मराठी राजा म्हणून ज्यांचे नाव घ्यावे लागते ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. जन्म १८५० चा. १८६६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज, म्हणजे बाबासाहेब, निवर्तले. त्यापूर्वी पाटणकर घराण्यातील या मुलाला त्यांनी दत्तक घेतले होते. गादीवर आले तेव्हा राजाराम सोळा वर्षांचे होते. इंग्रजी त्यांना चांगले अवगत होते आणि रोजनिशी लिहिण्याची सवय होती. या सवयीमुळेच त्यांच्या सहलीचा वृत्तान्त आज हाती आहे.

५/
बेशातल्या कुटुंबाला आज व्हिसासाठी दूतावासाची मंजुरी लागते. राजारामांना त्याहून वेगळी मंजुरी लागली. ते छत्रपती होते, पण ब्रिटिश सत्तेच्या देखरेखीखालचे. राजाने समुद्रापार कधी जायचे, किती दिवस राहायचे, सोबत कोण असेल, या साऱ्यांत इंग्रज अधिकाऱ्यांचा शब्द होता. प्रवासात त्यांच्यासोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे अधिकारी नेमलेले होते. दुसरीकडे समुद्रोल्लंघनाचा धर्मनिषेध होता. परंपरेने अडवलेले दार आणि सरकारने राखलेले दार, अशी दोन दारे ओलांडून वीस वर्षांचा हा तरुण मे १८७० मध्ये मुंबईहून निघाला.

६/
वेळ अनुकूल होती. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणारा प्रवास केव्हाच मागे पडला होता. जूनमध्ये महाराज लंडनला पोहोचले. राणी व्हिक्टोरियाची भेट, पार्लमेंटचे कामकाज, नाटके, मेजवान्या, संस्था आणि संग्रहालये या साऱ्यांच्या नोंदी त्यांच्या इंग्रजी रोजनिशीत आहेत. नोंदी लहान, सरळ आणि कुतूहलाने भरलेल्या आहेत. त्यांत राजेपणाचा आव कमी आणि विद्यार्थ्याची उत्सुकता जास्त आहे. भारतीय संस्थानिकांपैकी सर्वांत आधी युरोप पाहणाऱ्यांत त्यांची गणना होते.

७/
उन्हाळा सरला. नोव्हेंबरच्या आरंभी महाराज इंग्लंडहून परतीला निघाले, ते थेट बोटीने नव्हे तर युरोपातील शहरे पाहत, इटलीमार्गे. या मार्गामागे एक रूढी होती. इंग्लंडमधील सुखवस्तू लोक हिवाळ्यात दक्षिणेकडे जात. लंडनचे धुके आणि कोळशाचा धूर टाळायचा आणि रोम, नीस, फ्लॉरेन्स इथल्या उन्हात काही आठवडे काढायचे. वैद्यही क्षयरोग्यांना हाच सल्ला देत. फ्लॉरेन्समध्ये तर इंग्रजांची मोठी वस्तीच होती. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग तिथे राहिल्या आणि १८६१ मध्ये तिथेच वारल्या. आजच्या हिवाळी सहलीचे मूळ या रूढीत आहे. युरोपात हिवाळ्यात फिरणे म्हणजे तेव्हा थंडी शोधणे नव्हते, थंडीपासून पळणे होते.

८/
पण १८७० चा हिवाळा साधा नव्हता. जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. सप्टेंबरच्या १९ तारखेपासून पॅरिसला वेढा पडला आणि तो पुढील जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. आज हिवाळी सहलीचे पहिले नाव म्हणून जे शहर घेतले जाते, तिथे त्या डिसेंबरात लोक घोडे, मांजरे आणि उंदीर खात होते. प्राणिसंग्रहालयातले हत्तीही सुटले नाहीत. म्हणून राजाराम महाराजांचा मार्ग फ्रान्सला टाळून बेल्जियम, जर्मनी आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक असा वळला. इन्सब्रुकहून ब्रेनर खिंडीतून आल्प्स ओलांडणारा लोहमार्ग १८६७ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी, सुरू झाला होता. योगायोग असा की नागपूरला रेल्वे पोहोचली तीही त्याच वर्षी.

९/
आल्प्सच्या त्या थंडीत महाराजांची प्रकृती ढासळली. आजाराचे नेमके नाव आजच्या वैद्यकाच्या भाषेत सांगण्याचा मोह टाळलेला बरा. एवढे खरे की प्रतिजैविके येण्याला अजून सत्तर वर्षे होती, आणि ज्वर व सांधेदुखी यांवर उपाय म्हणजे ऊब, विश्रांती आणि वाट पाहणे. प्रवासात यांतले एकही धड मिळत नाही. तशाच अवस्थेत ते फ्लॉरेन्सला आणले गेले. आर्नो नदीजवळच्या एका हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय वीस.

१०/
फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. १८६५ पासून तिला तो मान होता आणि दोनच महिन्यांपूर्वी इटालियन सैन्याने रोम घेतल्यामुळे तो लवकरच जाणार होता. अशा संक्रमणात सापडलेल्या शहरापुढे अचानक एक प्रश्न उभा राहिला. पूर्वेकडचा एक राजा इथे वारला आहे आणि त्याच्या माणसांना त्याचे दहन करायचे आहे. कॅथलिक इटलीत प्रेत पुरण्याची रीत होती. दहनाची ना सोय होती ना सवय.

११/
याआधीच्या थोर भारतीय प्रवाशांचे काय झाले होते, ते पाहिले की या प्रश्नाचे वजन कळते. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले. त्यांचे दफन झाले. द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनला वारले. त्यांचेही दफन झाले. परक्या शहरात मरणाऱ्या हिंदूला अग्नी मिळत नसे. राजारामांच्या सोबतची मंडळी मात्र मागे हटली नाहीत. छत्रपतींचे अंत्यसंस्कार शास्त्राप्रमाणे आणि अग्नीनेच झाले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह राहिला. समुद्र ओलांडल्यामुळे धर्म गेला असे ज्यांच्याविषयी मागे कुजबुजले जाई, त्यांनीच परक्या मुलखात धर्माची ही बाजू धरून ठेवली.

१२/
फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. जागा ठरली शहराच्या पश्चिमेला, काशिने उद्यानाच्या टोकाशी, जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. पंचगंगेच्या घाटावर पूर्वजांच्या समाध्या पाहिलेल्या आणि नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम पुजणाऱ्या कोल्हापूरकरांना संगमाचे महत्त्व सांगावे लागत नाही. गंगा नव्हती, पंचगंगा नव्हती. पण दोन वाहती पाणी एकत्र येत होती. तेवढ्या आधारावर त्यांनी परक्या भूगोलात आपले तीर्थ शोधले. रात्रीच्या अंधारात प्रेत तिथे नेण्यात आले आणि चिता पेटली. बातमी लागलेले फ्लॉरेन्सचे नागरिकही पाहायला जमले.

१३/
ही घटना केवळ कोल्हापूरच्या इतिहासाची नाही. प्रेतदहन कायदेशीर असावे की नाही, यावर युरोपात त्याच दशकांत वाद सुरू होता. इटलीतले पहिले आधुनिक दाहगृह मिलानमध्ये १८७६ साली सुरू झाले, इंग्लंडमधले वोकिंग येथील १८८५ मध्ये वापरात आले आणि पॅरिसमधले १८८९ मध्ये. आर्नोकाठची चिता या साऱ्यांच्या आधीची. एका मराठी तरुणाच्या मृत्यूने युरोपच्या एका राजधानीला, एका रात्रीपुरता का होईना, आपला नियम बाजूला ठेवायला लावले.

१४/
चितेच्या जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. भारतीय घाटाची छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा फ्लॉरेन्समध्येच राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, तर छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. हे मँट म्हणजे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुरचनाकार. इतालीय बागेतली छत्री आणि करवीरनगरीतला राजवाडा एकाच हाताने रेखाटलेले आहेत, ही गोष्ट दोन्ही वास्तूंसमोर रोज जाणाऱ्या लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

१५/
महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. तिच्याकडे दोन प्रकारे पाहता येते. एक, भारतीय राजपुत्राने लिहिलेले युरोपचे एक आरंभीचे वर्णन म्हणून. दुसरे, लिहिणाऱ्याच्या मरणानंतर, त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्याच्या हातून जगासमोर आलेला मजकूर म्हणून. राजारामांनी काय लिहिले ते वाचता येते. ते स्वतः जगले असते तर त्यातले काय ठेवले असते आणि काय गाळले असते, याचा अंदाज करता येत नाही. प्रवासवर्णन हे नेहमी परत आलेल्या माणसाचे असते. हे परत न आलेल्याचे आहे.

१६/
या मृत्यूचे परिणाम कोल्हापूरला दीर्घकाळ भोगावे लागले. राजारामांना वारस नव्हता. दत्तक आलेल्या पुढच्या छत्रपतींचा, चौथ्या शिवाजी महाराजांचा, इंग्रजांच्या देखरेखीखाली अतोनात छळ झाला आणि १८८३ मध्ये अहमदनगरला त्यांचा अंत झाला. त्यानंतर १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेले यशवंतराव म्हणजेच राजर्षी शाहू महाराज. शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेले. रोममधले कलोसियम पाहून त्यांना कुस्तीच्या भव्य मैदानाची कल्पना सुचली आणि त्यातून कोल्हापूरचे खासबाग मैदान आले, असे सांगितले जाते. एका छत्रपतींना इटलीने गिळले. दुसऱ्यांनी इटलीहून एक आखाडा आणला.

१७/
यानंतरचे मराठी हिवाळे पुन्हा कामाचेच. विदर्भापुरते पाहायचे तर अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ऑगस्ट १९०८ मध्ये लंडनला निघाले, ते टिळकांच्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागण्यासाठी. लंडनचे दोन हिवाळे काढून ते १९१० मध्ये परतले. खुद्द टिळक ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस तिथे पोहोचले. महायुद्ध संपत होते, इन्फ्लुएन्झाची साथ भरात होती आणि चिरोल खटला फेब्रुवारी १९१९ मध्ये त्यांच्या विरुद्ध गेला. त्या थंडीत टिळकांनी पायांत बूट आणि अंगात विलायती पोशाख घातला. डोक्यावरची पगडी मात्र उतरवली नाही.

१८/
नागपूरच्या विमानतळाला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लंडनमधले हिवाळेही इथेच आठवले पाहिजेत. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहत. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन, अपुरे जेवण, आणि रात्री खोलीवर परतून पुन्हा अभ्यास. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. बेशाहून युरोपच्या सहलीला निघणारे कुटुंब विमानतळाच्या ज्या पाटीखालून आत जाते, त्या पाटीवरच्या नावामागे असा एक हिवाळा आहे.

१९/
मग हिवाळ्याचा आनंद मराठी माणसाच्या वाट्याला कधी आला? वाङ्मयात तो लवकर आला. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये पुस्तकरूपाने आले आणि युरोप हे हसतखेळत पाहण्याचे ठिकाण असू शकते, हे घराघरात पोहोचले. प्रत्यक्षात मात्र वेळ लागला. परकीय चलनाच्या टंचाईमुळे साध्या पर्यटकाच्या हाती फार मोजकी रक्कम पडे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केसरीसारख्या सहल कंपन्यांनी मराठी जेवणासह परदेश दाखवायला सुरुवात केली, १९९१ नंतर चलनावरचे निर्बंध सैल होत गेले, आणि २००४ पासून व्यक्तीला ठरावीक मर्यादेत परदेशी रक्कम नेण्याची सरळ मुभा मिळाली. बर्कच्या काचघरातल्या चुलीचा प्रश्न सहल कंपनीच्या आचाऱ्याने सोडवला. राजारामांना लागलेल्या परवानगीचा प्रश्न बँकेच्या अर्जाने.

२०/
राहता राहिली थंडी. नागपूरकराला ती अगदीच अनोळखी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि फ्लॉरेन्समध्ये डिसेंबरच्या साधारण रात्रीही तो ३ अंशांच्या आसपास असतो. फरक आकड्यात कमी आणि टिकण्यात जास्त आहे. नागपुरात सकाळी दहाला ऊन तापते आणि स्वेटर खांद्यावर येतो. फ्लॉरेन्समध्ये दुपारीही दगडी भिंतींतला ओलावा जात नाही आणि पाचाच्या आत अंधार पडतो. उबदार हॉटेल, औषधाचे दुकान आणि चार दिवसांनी परतीचे तिकीट खिशात असले की त्याच थंडीची मौज होते. १८७० मध्ये यांतले काहीच हमखास नव्हते.

२१/
काशिने उद्यानाच्या टोकाला ती छत्री आजही उभी आहे. तिच्याजवळ आर्नोवर १९७८ मध्ये एक भव्य पूल पूर्ण झाला. त्याचे नाव ‘पोन्ते आल्लिन्दियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल. हजारो वाहने रोज त्यावरून जातात आणि चालवणाऱ्यांतले बहुतेक जण तो भारतीय कोण, हे विचारत नाहीत. इकडे कोल्हापुरात १८८० पासूनच्या राजाराम महाविद्यालयाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे. त्या नावाचा राजा कुठे वारला, हे त्यांतल्या किती जणांना सांगता येईल? फ्लॉरेन्सने जागा जपली आणि नाव विसरले. कोल्हापूरने नाव जपले आणि जागा विसरली.

२२/
सहल कंपन्यांच्या फ्लॉरेन्सच्या दिवसात मोठे कॅथेड्रल, जुना पूल आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असतो. संगमावरची छत्री सहसा नसते, कारण ती शहराच्या गजबजाटापासून दूर, उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे जायला अर्धा दिवस पुरतो. मोठे झाड, हिवाळ्यातली मातकट आर्नो आणि छत्रीखाली फेटा बांधलेला वीस वर्षांचा मुलगा, एवढेच तिथे पाहायला मिळते. परंतु महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला त्या सबंध शहरात नातलगाची म्हणावी अशी जागा तेवढी एकच आहे.